जेऊरचा उतार

सोलापूर, ता. ३ फेब्रुवारी १९३६

बंदेनवाज यास श्रीमंत वाघमोडे याचा सलाम.

हे माझं पाचवं पत्र. आधीच्या चारांना तुझं उत्तर नाही. पत्ता चुकला म्हणावं, तर एकही पत्र परत आलं नाही. गुलबर्ग्याला बहिणीकडं, अमिनाआपाच्या घरीच आहेस ना?

परवा बुधवारी शर्यत सुरू होते. गेल्या सालासारखीच पाच दिवसांची. पहिल्या दिवशी टेंभुर्णी, मग माळशिरस, मग उलटं फिरून जेऊर, तिथून बार्शी आणि रविवारी परत सोलापूर. रोजच्या वेळेची बेरीज ज्याची कमी, त्याचा चषक. यंदा तेवीस गडी आहेत. मास्तर आहेत, पोष्टातले आहेत, एक वकिलाचा मुलगा आहे. सगळे हौशी. धंदेवाईक गड्याला शर्यतीचं मंडळ घेत नाही.

मी गिरणीतून रजा काढली. आमचा जॉबर मुकादम म्हणाला, "वाघमोडे, गेल्या साली चषक घेतलास की. आता काय घोड्यावर बसवून मिरवायचं ऱ्हायलंय?" साचेखात्यात सगळे हसले. मीही हसलो.

चषक तुझाच होता हे सोलापुरात सगळे म्हणतात. तिसऱ्या दिवसापर्यंत माझ्यापेक्षा दोन मिनिटं तू पुढं होतास. जेऊरच्या उतारावर चाक गेलं नसतं तर कुणी तुला गाठत नव्हतं. नशीब, दुसरं काय.

अमिनाआपाचा दीर मंगळवारच्या बाजारात भेटला. तो म्हणाला, तू सायकलीला हात लावत नाहीस, लाकडाच्या वखारीत चिठ्ठ्या लिहीत बसतोस. मला ते खरं वाटलं नाही. विजापूर वेशीतल्या तुझ्या दुकानात साताऱ्याहून चाकं बांधून घ्यायला माणसं येत. पाय मोडला म्हणून हात का थांबावेत?

माझ्यावर राग असेल तर तसं लिही. कशाचा राग आहे, तेही लिही. मला ते कळलं पाहिजे.

तुझ्या भाभीनं, केराबाईनं सलाम सांगितला आहे.

तुझा,
श्रीमंत


टेंभुर्णी, ता. ५ फेब्रुवारी, दुपारी चार

बंदेनवाज,

चोपन्न मैल झाले. मी तिसरा आलो. धर्मशाळेच्या ओट्यावर बसून लिहितोय. मांड्या दगडासारख्या झाल्यात.

सकाळी सातला पुणे नाक्यावरून सोडलं. पंच म्हणून यंदाही शिवप्पा ड्रिलमास्तर आहेत. तीच शिट्टी, तीच टोपी, मोटारीच्या मागच्या बाकावर तसेच उलटं तोंड करून बसतात. मोहोळपर्यंत आम्ही सगळे एका थव्यात होतो. पुढं बाभळीचे काटे लागले आणि एकेक गळायला लागला. वकिलाच्या मुलाला दोन मैलांत तीन पंक्चर. शेवटी त्यानं सायकल खांद्यावर घेतली आणि रडत चालायला लागला. ज्वारी काढायला आली आहे, बांधावर माणसंच माणसं. बायका ओरडत होत्या, "आरं पळा, मागनं वाघ आलाय का काय!"

यंदा एक नवा गडी आहे, निंगप्पा. अक्कलकोटला डाक वाटतो. रोज वीस-बावीस मैल सायकल मारायची सवय. काळा, बुटका, मांडीला मांस म्हणशील तर पखालीसारखं. मराठी बोलतो, पण दम लागला की कानडीत शिरतो. मोहोळनंतर आम्ही दोघंच पुढं होतो. समोरून वारा. तो पुढं झाला आणि मागं वळून म्हणाला, "ये की चाकामागं. थोडं मी वारा खातो, थोडं तू खा. दोघंबी ताजे ऱ्हाऊ."

मी गेलो नाही. त्याच्यापासून चार हात मागंच राहिलो.

तो पुन्हा म्हणाला, "नडी, नडी! चल की! एकला कशाला मरतोस वाऱ्यात?"

मी म्हणालो, "मला असंच बरं पडतंय."

शेवटच्या सहा मैलांत माझा दम संपला आणि बार्शीचा एक मास्तर मला ओलांडून गेला. दीड मिनिट गेलं.

तू असतास तर हसला असतास. आपण दोघं एकमेकांच्या चाकाला चिकटून कसे जायचो! तू म्हणायचास, दोन चाकांत चार बोटं अंतर, जास्ती न्हाय. वर्षभर मला ते जमत नाही. का, ते विचारू नकोस.

श्रीमंत


माळशिरस, ता. ६ फेब्रुवारी, दुपारी

बंदेनवाज,

आज तीसच मैल, पण मधे भीमा. गेल्या सालासारखंच सगळ्यांना नावेत बसवलं. नावेतला वेळ मोजायचा नाही असा नियम. सायकली मधे रचल्या, आम्ही कडेला पाय सोडून. नावाडी म्हणाला, "एवढी चाकं असून बी नावच लागली न्हवं!"

नावेत तुझा विषय निघाला. मी काढला नाही.

शिवप्पा मास्तर सगळ्यांना बजावत होते, "उद्या जेऊरचा उतार हाय. ब्रेक तपासा, चाकं तपासा. गेल्या साली एक चांगला गडी चाकापायी आयुष्यातनं उठला. सोताच बांधलेलं चाक, तेच मोडलं."

निंगप्पा पाण्यात हात घालून बसला होता. तो म्हणाला, "कुनाचं? बंदेनवाजचं?"

"व्हय."

"मला न्हाय पटत मास्तर. माझ्या सायकलीला त्याचंच चाक हाय. सहा वर्सं डाक वाटतोय. वड्यातनं, खडकातनं. एक तार हलली न्हाय. त्याचं चाक आपणहून कसं मोडंल?"

मास्तर म्हणाले, "मोडलं म्हंजे मोडलं. हा श्रीमंत हुता की मागंच. इचार त्याला."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. नाव काठाला लागली म्हणून सुटलो.

पुढं माळशिरसपर्यंत वारा तोंडावर. निंगप्पा आणि तो बार्शीचा मास्तर एकमेकांच्या आडोशानं गेले. मी पुन्हा एकटा. आज निंगप्पा पहिला, मी चौथा. बेरजेत मी तिसरा आहे, निंगप्पाच्या मागं तीन मिनिटं दहा सेकंद.

इथून माझं गाव दोन कोसांवर. धाकटा चुलता मेंढरं घेऊन रस्त्याला उभा होता. भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून आणली होती. तो म्हणाला, "तुझा त्यो मुसलमान दोस्त न्हाय आला? गेल्या साली माझ्या हातची भाकर खाऊन गेला, लई गोड मानूस." मी म्हणालो, पाय मोडलाय त्याचा. चुलता म्हणाला, "आरारा. मग तू जातोस का न्हाय त्याला बघायला?"

भाकरी खाल्ली नाही. बांधून ठेवली आहे.

उद्या जेऊर.

श्रीमंत


जेऊर, ता. ७ फेब्रुवारी, दुपारी तीन

बंदेनवाज,

हे पत्र स्टेशनात बसून लिहितोय. साडेपाचला गुलबर्ग्याकडं जाणारी गाडी आहे. डाकेच्या डब्यात टाकलं की उद्या तुझ्या हातात पडेल. म्हणून भरभर लिहितो. थांबलो तर फाडून टाकीन.

आज उतारावर मी उतरलो. सायकलीवरून खाली. शर्यत चालू असताना, हातात धरून चालत आलो. वर चढाच्या टोकाशी आलो, तू पडलास तिथलं आंब्याचं झाड दिसलं, खालचं वळण दिसलं. निंगप्पा पुढं होता. तो वेगात सुटला आणि मी दोन्ही ब्रेक दाबून उभा राहिलो. मागचे पाच जण गेले. मास्तरांची मोटार पुढून फिरून आली. ते म्हणाले, "काय रं, पंक्चर?" मी म्हणालो, "न्हाय." "मग?" पुढं दोन फर्लांग पायी चाललो.

आता जे खरं ते.

तुझं चाक मोडलं नाही. मी मोडलं.

त्या दिवशी आपण दोघंच पुढं होतो. तू पुढं, मी तुझ्या चाकाला. जेऊर दोन मैलांवर राहिलं होतं आणि मला वाटलं, हा दिवस तरी माझा असावा. चषक तुझाच होता, ते मला मान्य होतं. पण जेऊरला आधी पोचायचं होतं. मी उजवीकडून बाहेर निघालो. माझं पुढचं चाक तुझ्या मागच्या चाकाच्या बाजूला आलं. तेवढ्यात बांधावरून शेळ्या उतरल्या. तू ओरडलास, "शेळ्या!" आणि उजवीकडं सरकलास.

बंदेनवाज, ब्रेक दाबायला वेळ होता. हे मी वर्षभर घोकतोय. वेळ होता. पण ब्रेक दाबला असता तर वेग गेला असता आणि तू पुन्हा पुढं गेला असतास. मला वाटलं, निघेन मधनं. निघालो नाही. माझ्या पुढच्या आसाचा नट तुझ्या तारांत घुसला. तडातड आवाज झाला. माझी सायकल हेलपाटली, पण सावरली. तू सावरला नाहीस.

मी एकदा मागं बघितलं. तू पडला होतास आणि पाय भलतीकडंच वळला होता. तू माझ्याकडं बघत नव्हतास, चाकाकडं बघत होतास. मी थांबलो नाही.

जेऊरला पोचल्यावर मास्तरांनी विचारलं, "बंदेनवाज कुटाय?" मी म्हणालो, "उतारावर पडलाय. चाक गेलं त्याचं." हे माझं वाक्य. पुढं सगळ्या सोलापुरानं तेच म्हटलं, तूसुद्धा म्हटलंस, पण पहिल्यांदा ते माझ्या तोंडातून निघालं.

नंतर मी मोटारीतून मास्तरांबरोबर परत गेलो. सगळे तुला बैलगाडीत घालत होते, तेव्हा मी मागचं चाक काढलं आणि गोणपाटात गुंडाळलं. दवाखान्यात तू मला तीनदा विचारलंस, "श्रीमंत, चाक कुटाय? मला एकदा बघू दे, काय चुकलं त्ये." मी तीनदा म्हणालो, "कुनीतरी नेलं." ते माझ्या माळ्यावर आहे. तू बघितलं असतंस तर एका नजरेत तुला कळलं असतं, म्हणून लपवलं.

आणि तू मला काय म्हणालास? "तुजी चाकं दुसऱ्याकडनं तपासून घे. माझ्या हातावर भरोसा ठिऊ नको. माझ्या चाकानं तू मेलास तर मी काय करू?" मी मान हलवली. तुझा पाय प्लास्टरात टांगलेला, आणि तुला माझी काळजी. मी तेव्हा बोललो असतो तर तुझं दुकान बंद झालं नसतं. मी बाहेर आलो आणि घरी जाऊन जेवलो. त्याच आठवड्यात चषक घेतला, हार घातला, फोटो काढला.

चार पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस तेव्हा मला भीती वाटली की तुला कळलं. मग वाटलं, कळलं नाही, लाज वाटत असेल बिचाऱ्याला. आणि मला बरं वाटलं. असा मी माणूस आहे.

तुझ्या हातात काही खोट नव्हती. वखारीत बसू नकोस.

गाडीची घंटा झाली. टाकतो.

श्रीमंत


बार्शी, ता. ८ फेब्रुवारी

बंदेनवाज,

आतापर्यंत तुला ते मिळालं असेल.

काल गाडी सुटल्यावर मी फलाटाच्या टोकापर्यंत पळालो. पत्र परत मिळेल या आशेनं. गार्डनं हिरवं निशाण हलवलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली, त्याला वाटलं कुणाला तरी निरोप द्यायला आलोय.

आज सुटताना निंगप्पा जवळ आला. "काल काय झालं रं तुला?" मी त्याला सांगितलं. सगळं, तसंच. तो पुढं निघाला. कुर्डुवाडीपर्यंत त्यानं मागं बघितलं नाही. मला वाटलं, हा आता मला जवळ येऊ देणार नाही. कुर्डुवाडीच्या पुढं वारा सुटला तेव्हा तो मागं वळला. "आता ये चाकामागं."

मी म्हणालो, "भ्या न्हाय वाटत?"

"वाटतंय की. म्हनूनच सांगतोय, नीट बघून ये."

गेलो. चार बोटं नाही, पण वीतभर. पाच मैल मी पुढं, पाच मैल तो. बार्शीला आम्ही एकत्र पोचलो, बाकीचे अकरा मिनिटं मागं. कालच्या चालण्यात माझी आणखी चार मिनिटं गेली होती, म्हणून बेरजेत मी सात मिनिटांहून जास्त मागं आहे. पण आज बाकीचे सगळे मागं पडले, त्यामुळं दुसरा झालोय.

तुला हे सगळं लिहून टाकल्यावर शर्यतीतलं मन उडायला पाहिजे होतं. उडालं नाही. उद्या निंगप्पाला गाठायचं आहे. हेही लपवत नाही.

श्रीमंत


सोलापूर, ता. १० फेब्रुवारी

बंदेनवाज,

काल तू समोर उभा होतास तेव्हा माझ्या तोंडातून धड चार वाक्यं निघाली नाहीत. म्हणून लिहितो.

बार्शीहून मी जीव तोडून सायकल मारली. निंगप्पाच्या साडेपाच मिनिटं आधी किल्ल्यासमोरच्या मैदानात पोचलो. सात भरून काढता आली नाहीत. चषक त्याचा झाला. लोकांनी मला उचललं, पाणी ओतलं, आणि पाणी पुसून बघतो तर दोरीच्या पलीकडं तू. काठी टेकून. काखेत गोणपाट. शेजारी केराबाई.

तू आधी आमच्या घरी गेला होतास, हे मला रात्री कळलं. केराबाई म्हणाली, "दारात आले, सलाम केला. मी पानी दिलं, ते घेतलं न्हाय. 'भाभी, माळ्यावर चाक हाय, तेवडं द्या,' म्हनले. मी काडून दिलं. उंबऱ्यावर बसले. एकेक तार बोटानं चाचपली, चाळीसच्या चाळीस. मंग पुन्यांदा पैल्यापासनं. तासभर. मी इचारलं, भाऊ, काय बगताय? तर म्हनले, माझं वरीस बगतोय."

मला वाटलं होतं तू मारशील. मारलं असतंस तर बरं झालं असतं. तू गोणपाट उघडलंस.

"उजवीकडनं लागलं?"

"व्हय."

"सहा तारा. सगळ्या मधी तुटल्यात. बुडाला एक बी न्हाय."

"न्हाय."

"बुडाला तुटली असती तर माझी चूक. मधी तुटली म्हंजे घाव."

"व्हय."

"म्हंजे चाक चांगलं हुतं."

"चांगलं हुतं, बंदेनवाज. लई चांगलं हुतं."

तू काठीनं मंडपाकडं दाखवलंस. तिथं मास्तर कर्णा घेऊन नावं पुकारत होते. "हितं नगं म्हनू. तितं म्हन."

तेवढ्यात त्यांनी माझं नाव पुकारलं, दुसरा क्रमांक. मी वर गेलो. मास्तरांनी पदक पुढं केलं, मी ते घेतलं नाही, कर्णा घेतला. समोर हजारभर माणूस. गिरणीतले सगळे. जॉबर पहिल्या रांगेत. मला फक्त तुझी काठी दिसत होती.

मी म्हणालो, "गेल्या साली जेऊरच्या उतारावर बंदेनवाजचं चाक मोडलं न्हाय. मी माझी सायकल त्याच्या चाकात घातली. वेळ असून ब्रेक दाबला न्हाय. थांबलो न्हाय. वर खोटं बोललो. त्याच्या चाकात खोट न्हवती. ते चाक त्याच्यापाशी हाय, ज्याला बघायचं त्यानं बघावं."

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग मागून एक दगड आला, मंडपाच्या खांबाला लागला. शिवप्पा मास्तरांनी माझ्या हातातून कर्णा काढून घेतला. त्यांनीही वर्षभर ते नावेतलं वाक्य सगळीकडं सांगितलं होतं. मग निंगप्पा वर चढला. मला वाटलं माझी बाजू घेतोय. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. नवा चषक हातात, आणि लोकांना म्हणाला, "ह्या सायकलीचं मागलं चाक त्याच मानसानं बांधलंय. पाच दिवसांत एकदा बी वाकडं झालं न्हाय. बघा की येऊन." लोक त्याच्या सायकलीभोवती गोळा झाले. त्या गर्दीतून मी उतरलो आणि तुला शोधलं. तू गेला होतास.

केराबाई म्हणाली, माझं बोलणं संपेपर्यंत तू उभा होतास. मग चाक काखेत मारलंस आणि टांगा केलास.

गेल्या सालचा चषक आज मंडळात नेऊन दिला. त्यांनी कागद केला, तीन वर्षं मला शर्यतीला बंदी. मी सही केली. तुझं नाव गेल्या सालच्या फळ्यावर चढवा म्हणालो. ते म्हणाले, ज्यानं शर्यत पुरी केली नाही त्याचं नाव नियमात बसत नाही. जागा मोकळी ठेवतील. मी भांडलो, पण मी भांडून काय उपयोग.

केराबाई काल रात्रीनंतर माझ्याशी बोलली नव्हती. आज ताट वाढताना एवढंच म्हणाली, "माळ्यावरचं चाक मी दर शुक्रवारी पुसून ठिवत हुते. मला वाटायचं, तुमी दोस्ताची आठवन म्हनून ठिवलंय."

माफी मागायला शब्द नाहीत, म्हणून मागत नाही.

श्रीमंत


सोलापूर, ता. २२ मार्च १९३६

बंदेनवाज यास सलाम.

हेही पत्र तू वाचशील की नाही, माहीत नाही. पण काल निंगप्पा घरी आला होता, म्हणून लिहितो.

इकडचं आधी सांगतो. गिरणीत महिनाभर माझ्या शेजारी डबा खायला कुणी बसत नव्हतं. आता एक-दोघं बसतात. जॉबर हसत नाही, चिडवत नाही, कामापुरतं बोलतो. चुलत्याला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं आणि मेंढरं घेऊन उठला. बांधापलीकडं गेल्यावर ओरडून म्हणाला, "भाकर ठेवलीया, खाऊन जा." केराबाई बोलते. पूर्वीसारखं नाही, पण बोलते.

निंगप्पा गुलबर्ग्याला देवदर्शनाच्या निमित्तानं गेला होता, खरं तर तुला बघायला. त्यानं जे सांगितलं ते मी त्याच्याकडून पुन्हा पुन्हा सांगवून घेतलं. स्टेशनाच्या रस्त्याला कडुलिंबाखाली तू पत्र्याचं छप्पर टाकलं आहेस. वखार सोडलीस. मोडका पाय लांब करून बसायला फळी केली आहेस. दोन चाकं टांगलेली, तिसरं मांडीवर. अमिनाआपा डबा घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "फेब्रुवारी से पैले ये आदमी रात-रात आढ्याकू देखता था. अब खाना ठंडा होतंय, इसकू बुलाव तो आता नै." निंगप्पानं आपलं चाक दाखवलं. तू ते फिरवलंस, कान लावलास आणि म्हणालास, "अजून चार वर्सं जाईल."

मग निंगप्पानं तुला विचारलं. मी त्याला सांगितलं नव्हतं, तो आपणहून बोलला. "श्रीमंताच्या मागल्या चाकाच्या तारा सैल झाल्यात. त्याला पाठवू का?"

तो म्हणतो, तू हातातली किल्ली थांबवली नाहीस. एक तार आवळलीस, दुसरी आवळलीस. त्याला वाटलं तू ऐकलंच नाहीस. तो उठून निघाला तेव्हा मागून म्हणालास, "अब्बी नक्को बोल उसकू."

मी निंगप्पाला विचारलं, नुसतं नक्को म्हणाला, का अब्बी नक्को? तो म्हणाला, अब्बी नक्को. मी म्हणालो, नीट आठव. तो चिडला. "अरे, डाकवाला हाय मी. मला निरोप कळत न्हाय व्हय?"

मग मी जास्ती विचारलं नाही.

माझ्या तारा खरंच सैल आहेत. फिरवलं की चाक डगमगतं. इथं विजापूर वेशीत नवा मिस्त्री आलाय, बरा आहे म्हणतात. मी त्याच्याकडं गेलो नाही. सायकल भिंतीला लावून ठेवली आहे आणि गिरणीला चालत जातो. पहाटे अर्धा तास लवकर निघावं लागतं, एवढंच.

श्रीमंत